नगराचे चिन्ह

शिकागो हे नाव उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे १८९३ सालची सर्वधर्मपरिषद आणि स्वामी विवेकानंद उभे राहतात. ती परिषद ज्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली, ते प्रदर्शन कोलंबसाच्या सफरीस चारशे वर्षे झाल्याबद्दलचे होते. त्या उत्सवाच्या तयारीत घडलेली एक लहानशी गोष्ट आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत. कारण गावाचा वर्धापनोत्सव आला की बोधचिन्हाची स्पर्धा लावावयाची, ही प्रथा आता आपल्याकडेही रूढ झाली आहे.

१८९२ साली ‘शिकागो ट्रिब्यून’ या वृत्तपत्राने जाहीर केले की, उत्सवासाठी शहर सजवावयाचे तर शहराला स्वतःचे रंग हवेत. उत्तम सूचना करील त्यास शंभर डॉलर बक्षीस. आठशेहून अधिक सूचना आल्या. बक्षीस मिळाले ते डेन्मार्कहून येऊन तेथे राहिलेल्या आल्फ्रेड रोवाड या वास्तुशिल्पज्ञास. रंगांबरोबर त्याने एक आकृतीही सुचविली होती. तीत ना सिंह, ना मुकुट, ना तलवार. इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या नुसत्या तीन रेघा! परंतु शिकागोकरांस त्या ओळखीच्या होत्या. शिकागो नदीच्या उत्तर आणि दक्षिण अशा दोन शाखा शहराच्या मध्यभागी एकत्र येतात, आणि तेथून मुख्य पात्र मिशिगन सरोवरापर्यंत पसरले आहे. याच पाण्याने शहराचे उत्तर, दक्षिण आणि पश्चिम असे तीन भाग पडले. परक्या मुलखातून आलेल्या माणसाने गावाची भूमी डोळसपणे पाहिली, एवढेच त्याचे कौशल्य.

पुढे एक विलक्षण प्रकार घडला. शहराची घाण नदीवाटे सरोवरात जाई, आणि पिण्याचे पाणीही त्याच सरोवराचे! तेव्हा सुमारे ४५ किलोमीटर लांबीचा कालवा खोदून १९०० साली नदीचा प्रवाहच उलटा फिरविण्यात आला. नदीची दिशा बदलली, पण तीन रेघांचे चिन्ह खोटे ठरले नाही. शहराच्या पुलांवर आणि इमारतींवर ते आजही आढळते.

स्पर्धा म्हटली की सारेच निर्मळ असते, असे मात्र कोणी समजू नये. १९१५ साली शहरासाठी ध्वज निवडण्याकरिता समिती नेमली गेली. स्पर्धेचे नियम करण्याचे काम वॉलेस राइस यांच्याकडे आले. हजाराहून अधिक नमुने आले, आणि १९१७ साली मान्य झाला तो खुद्द राइस यांचाच! ज्याने प्रश्नपत्रिका काढली त्याचीच उत्तरपत्रिका पहिली यावी, हे न्यायास धरून झाले असे आम्हांस म्हणवत नाही. तथापि ध्वज लोकांनी आपला मानला. त्यातील दोन निळे पट्टे पाण्याचे, तर तीन पांढरे पट्टे शहराच्या तीन भागांचे. प्रारंभी दोनच तारे होते: एक १८७१ च्या भीषण आगीचा, दुसरा १८९३ च्या प्रदर्शनाचा. शहराच्या शताब्दीचे प्रदर्शन भरले त्या १९३३ साली तिसरा तारा आला, आणि १९३९ साली जुन्या डिअरबॉर्न किल्ल्याच्या स्मरणार्थ चौथा. आपली राखरांगोळी झाली तो दिवसही या नगराने ध्वजावर मिरविला, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

आपल्याकडील स्पर्धांत मशाल, उगवता सूर्य आणि उघडे पुस्तक हीच मंडळी पुनःपुन्हा भेटतात. ती कोणत्याही गावाला चालतील. म्हणूनच ती कोणत्याच गावाची नव्हेत. उत्सव संपला की स्मरणिकेबरोबर चिन्हही कपाटात जाते. तेव्हा नमुने मागविण्यापूर्वी गावकऱ्यांस एकच प्रश्न विचारावा: आपल्या गावातून पाणी कोठून येते, कोठे जाते, आणि आपल्यावर कोणते संकट येऊन गेले? ज्या गावाला याचे उत्तर देता येईल, त्याच्या चिन्हाला तीन रेघाही पुरतील.