बर्लिनचा रंगमंच, खंडाळ्याची शाळा

कथकच्या पुनरुज्जीवनाची हकिगत आपण लखनौ-जयपूरच्या घराण्यांपासून सुरू करतो आणि दिल्लीच्या संस्थांपाशी आणून सोडतो. मेनका यांचे नाव त्यात येते ते एका वाक्यापुरते: १९३६ च्या बर्लिन नृत्यस्पर्धेत त्यांच्या संघाचा गौरव झाला. वाक्य खरे आहे. ते ज्या निर्भेळ अभिमानाने उच्चारले जाते, त्याविषयी मात्र आमची तक्रार आहे.

मेनका म्हणजे लीला सोखी. जन्म १८९९ चा, बंगाली घरातला; वास्तव्य मुंबईत, पती साहिबसिंग सोखी हाफकिन संस्थेचे संचालक. घरंदाज स्त्रीने नाचणे हेच धाडस असताना त्यांनी सीताराम प्रसाद, अच्छन महाराज, लच्छू महाराज यांच्याकडून कथक घेतले आणि त्यातून बॅले बांधले. एकट्याने तबल्याशी बोलत, बैठकीच्या दादेप्रमाणे लांबवायचा वा आटोपायचा हा नाच. तो आता ठरल्या वेळात, समूहात, कथेच्या ओघात बसवायचा होता. समोर प्रेक्षकही अंधारात, अंतरावर. १९३६ ते १९३८ या दौऱ्यात सखावत हुसेन खाँ यांच्या सरोदसह युरोपने जे ‘अस्सल भारतीय’ म्हणून पाहिले, ते असे युरोपीय रंगमंचाशी देवघेव करून घडले होते.

आणि त्या रंगमंचाचा बर्लिनमधला यजमान कोण होता? ऑलिंपिकच्या निमित्ताने भरलेली ही स्पर्धा गोबेल्सच्या प्रचारखात्याच्या छत्राखाली होती. छळ झालेल्या कलावंतांकडे बोट दाखवून मार्था ग्रॅहॅमने निमंत्रण नाकारले. आयोजकांपैकीच असलेल्या रुडॉल्फ लाबानची समूहरचना गोबेल्सने रंगीत तालमीनंतर बंद पाडली. पुढे त्यालाही देश सोडावा लागला. मेनका गेल्या. पारतंत्र्यातल्या कलावंताला नकाराची चैन परवडत नाही, असे समर्थन करता येईल. पण त्याच वर्षी मार्चमध्ये रोममध्ये असलेल्या नेहरूंनी मुसोलिनीची भेट नाकारली होती. म्हणजे नकार भारतीयालाही उपलब्ध होता. मेनकांवर खटला भरावा असे आम्हांला वाटत नाही. परंतु पारितोषिक सांगायचे आणि यजमान गाळायचा, हे निदान वर्गात तरी चालू नये.

परतल्यावर त्यांनी खंडाळ्याला ‘नृत्यालयम्’ ही शाळा काढली. आमच्या अंबरनाथ-बदलापूरवरून घाटाकडे जाणाऱ्या लोहमार्गावरच खंडाळा येते. तरी आमच्याकडे हे नाव क्वचितच कुणाला ठाऊक असते. शिरीन वजिफदार तिथल्याच. महायुद्धाने युरोपचे दौरे थांबवले, शाळाही टिकली नाही. त्याच युद्धाने कल्याणजवळ लष्करी छावण्या उभ्या केल्या; फाळणीनंतर सिंधी निर्वासित त्यांत उतरले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. मेनका मात्र मे १९४७ मध्येच गेल्या होत्या. त्यांच्या संघात वाढलेल्या दमयंती जोशी पुढे नावाजल्या, त्या एकल कथक नर्तकी म्हणून.