गश्ती, जमावबंदी, नेटबंदी

निजामी अमलाविषयीचे कोणतेही मराठी पुस्तक उघडले की 'गश्ती' हा शब्द भेटतोच. फार्सीत 'गश्त' म्हणजे फिरणे. आपली रात्रीची 'गस्त' आणि ही 'गश्ती' एकाच घरातल्या. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत जाणारा सरकारी कागद, म्हणजे आजच्या भाषेत परिपत्रक. हैदराबाद संस्थानात १९२० च्या दशकात अशीच एक गश्ती निघाली, तिचा क्रमांक ५३. 'गश्ती निशान ५३' या नावाने ती मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात कुप्रसिद्ध आहे. जाहीर सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी घ्यावी, एवढेच तिचे सार. पण एवढ्यावरच तेव्हाच्या बीड जिल्ह्याचे, आणि आजच्या मराठवाड्याचेही, सारे सार्वजनिक जीवन अनेक वर्षे तोलून धरले होते.

या गश्तीची आठवण होण्याचे कारण ताजे आहे. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात ३० ऑक्टोबर २०२३ रोजी बीड जिल्ह्यात जाळपोळ झाली. माजलगावला आमदार प्रकाश सोळंके यांचे घर पेटवण्यात आले, नगरपरिषदेच्या इमारतीला आग लागली आणि बीड शहरात आमदार संदीप क्षीरसागर यांच्या घरापर्यंत ज्वाळा पोचल्या. संचारबंदी लागली, पाठोपाठ जिल्ह्यातले इंटरनेट थांबवण्यात आले. पुढे २६ फेब्रुवारी २०२४ रोजी जालना, छत्रपती संभाजीनगर आणि बीड या तिन्ही जिल्ह्यांत ते पुन्हा काही तासांसाठी बंद झाले. दोन्ही वेळी कारण एकच सांगितले गेले: शांतता राहावी, अफवा पसरू नयेत.

निजामाचे संस्थान आणि निवडून आलेले सरकार यांना एका पारड्यात घालण्याचा माझा हेतू नाही. तो इतिहासाशी अप्रामाणिकपणा होईल. ज्याने निजामाविरुद्ध लढा दिला त्यालाच पुढे मत देण्याचा अधिकार मिळाला, आणि न्यायालयात जाऊन सरकारला जाब विचारण्याचाही. मला पाहायची आहे ती एक वेगळी आणि तशी छोटी गोष्ट: मनाई करणारा काय वाचतो आणि काय वाचत नाही.

जुनी मनाई वाचणारी होती. १९३० च्या दशकात स्वामी रामानंद तीर्थ आणि बाबासाहेब परांजपे हे हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा सोडून मोमिनाबादच्या, म्हणजे आजच्या अंबाजोगाईच्या, योगेश्वरी शाळेत आले. मुकुंदराज आणि दासोपंतांच्या या गावात शाळा चालवणे ही राज्यकर्त्यांच्या दृष्टीने निरुपद्रवी गोष्ट असायला हवी होती. पण राजकीय सभेला परवानगी मिळत नाही म्हटल्यावर शाळा, वाचनालय, साहित्यसंस्था आणि गणेशोत्सव यांतूनच राजकारण वाहू लागले. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९३८ मध्ये, हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तिची रीतसर स्थापना होण्याआधीच बंदी आली. जन्मापूर्वीच मृत्युलेख लिहिला जाण्याचे हे उदाहरण आपल्या राजकीय इतिहासात विरळाच म्हणावे लागेल. शाळेचे मुख्याध्यापकपद सोडून स्वामीजी सत्याग्रहात उतरले ते याच सुमारास.

वर्तमानपत्रांचे प्रकरण याहून बोलके आहे. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली 'मराठवाडा' सुरू केला तो निजामाच्या हद्दीबाहेर, पुण्यात. निजाम सरकारने संस्थानात त्यावर बंदी घातली. वाघमाऱ्यांनी नाव बदलून तोच मजकूर पाठवला. त्या नावावरही बंदी आली, तेव्हा आणखी एक नाव घेतले. असे कितीतरी वेळा झाले. बंदीच्या हुकमात वृत्तपत्राचे नाव लिहावे लागे, आणि जे नाव लिहिले आहे तेवढ्यालाच हुकूम लागू होई, ही त्या व्यवस्थेतली फट होती. नवे नाव आले की हुकूमनामा पुन्हा लिहायचा, आणि त्याआधी कोणीतरी तो अंक बसून वाचायचा. निजामाच्या कचेरीत वाघमाऱ्यांचा एक तरी नियमित वाचक असलाच पाहिजे, आणि लक्षपूर्वक वाचणारा असला पाहिजे! संपादकाला असा वाचक क्वचितच लाभतो.

दुसरी फट भूगोलाची. बीडची पश्चिमेकडची सीमा पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्याला लागते. तेव्हा ती दोन राज्यांची सीमा होती, अलीकडे मोगलाई आणि पलीकडे इंग्रजी मुलूख. आष्टीच्या बाजूचा माणूस सीमा ओलांडून गेला की गश्ती निशान ५३ त्याच्या मागे येत नसे. इंग्रजांचे कायदे काही फार उदार नव्हते, पण ते वेगळे होते, आणि चळवळीला तेवढे पुरे होते. संस्थानातल्या लढ्याची छावणी, छापखाना आणि पैसा यांतले बरेच काही या पलीकडच्या मुलखात राहिले ते त्यामुळेच. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर ही सीमा राजकीयदृष्ट्या निरर्थक झाली.

मधल्या काळातला एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. संस्थान विलीन झाल्यावर 'मराठवाडा' औरंगाबादला आला आणि अनंत भालेराव त्याचे संपादक झाले. निजामाच्या तुरुंगात राहिलेल्या या माणसाला १९७५ च्या आणीबाणीत स्वतंत्र भारताच्या तुरुंगात जावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी आणीबाणीचा निषेध केला, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. आणीबाणीतला सेन्सॉर हाही वाचणाराच होता. त्याच्यासमोर मजकूर जाई, तो ओळी कापी, आणि काही संपादक त्या जागा कोऱ्या ठेवीत. कोऱ्या जागेलाही अर्थ असे, कारण तिच्या आजूबाजूला छापलेला मजकूर असे. वाचकाला गाळलेले दिसत नसले तरी गाळले गेले आहे हे दिसे.

२०२३ ची नेटबंदी या सगळ्यांपेक्षा वेगळ्या जातीची आहे. ती कोणाचे काही वाचत नाही. तिला कोणाचे नाव लिहावे लागत नाही, कोणता मजकूर आक्षेपार्ह आहे हे ठरवावे लागत नाही. ती जिल्ह्याचे नाव लिहिते आणि थांबते. पेटवणाऱ्याचा निरोप आणि 'घरी ये, रस्त्यावर थांबू नको' हा आईचा निरोप तिच्या लेखी सारखाच. त्या ऑक्टोबरात ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघण्याचे दिवस जवळ आले होते. मुकादमाशी बोलणे, उचलीचा व्यवहार, गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांची खबर, सारे आता फोनवर असते. रोजगार हमीच्या कामावरची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवरच्या ॲपवर घेणे सक्तीचे झाले होते. शेतकऱ्याला पिकाची नोंद 'ई-पीक पाहणी'त फोनवरून करायची होती. रेशनच्या दुकानातले यंत्र नेटवर्क नसेल तर अंगठा ओळखत नाही. राज्यव्यवहार तारांवर नेऊन ठेवायचा आणि मग तार कापायची, यातली विसंगती आदेश काढणाऱ्याच्या लक्षात येत नसेल असे नाही. पण तिची नोंद ठेवण्याचे बंधन त्याच्यावर नाही.

बाजू दुसरीही आहे, आणि ती मांडली पाहिजे. माजलगावला वणवा पेटला त्याच्या मुळाशी आमदारांची एक ध्वनिफीत होती. आंदोलनाविषयीचे त्यांचे वक्तव्य फोनाफोनी फिरले आणि लोक खवळले. ज्यांची घरे जळली त्यांना 'अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य' हे शब्द त्या रात्री कसे ऐकू आले असते याचा विचार पुण्या-मुंबईत बसून फारसा होत नाही. गल्लीत जमाव शिरलेला असताना प्रशासनाने काहीच करू नये असे कोणी म्हणणार नाही. मात्र क्रम पाहावा. आग आधी लागली, इंटरनेट नंतर गेले. जी गोष्ट थांबवायची होती ती होऊन गेली होती. त्यानंतर थांबले ते उरलेल्या जिल्ह्याचे बोलणे. पुढे पोलिसांनी संशयित शोधले त्यात कॅमेऱ्यांच्या चित्रणाचा वाटा होता, म्हणजे तपासाला तंत्रज्ञान चालू असलेलेच हवे होते.

ज्या कायद्याखाली हे घडले तो १८८५ चा तारायंत्र कायदा. तार सेवा आपल्या देशात जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली; पोस्टात रांगा लावून लोकांनी शेवटच्या तारा केल्या. तार गेली, तारेचा कायदा राहिला. त्याच्या कलम ५(२) मधल्या 'सार्वजनिक आणीबाणी' आणि 'सार्वजनिक सुरक्षितता' या शब्दांवर २०१७ साली नियम रचले गेले आणि इंटरनेट थांबवण्याची रीत घातली गेली. १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर निर्णय दिला. याचिका करणाऱ्या या बाई वृत्तपत्राच्या संपादक, ही योगायोगाची गोष्ट नव्हे. न्यायालयाने काश्मीरची बंदी स्वतः उठवली नाही. पण बंदी अनिश्चित काळाची असू नये, ती प्रमाणात असावी आणि तिचा आदेश प्रसिद्ध व्हावा, असे स्पष्ट सांगितले. मला यातली तिसरी अट सर्वांत महत्त्वाची वाटते. जी मनाई आपण बोलतो ते वाचत नाही, ती निदान आपल्याला वाचता यावी. पुढे २०२३ चा दूरसंचार कायदा आला, त्याचे संबंधित कलम २६ जून २०२४ पासून लागू झाले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नवे नियम निघाले. अधिकार जवळपास तोच राहिला.

वाचणारा सेन्सॉर नाहीसा झाला असे मात्र म्हणता येणार नाही. तो खाली उतरला. गावातल्या व्हॉट्सॲप गटाचा ॲडमिन हा आज तो सेन्सॉर आहे. सण, निवडणूक, मिरवणूक, तणाव, काहीही असले की गट 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' असा करून टाकायचा, हा आता गावोगावचा रिवाज. गटातल्या एखाद्याच्या लिहिण्याबद्दल आपल्यावर गुन्हा होईल ही त्याची भीती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली निर्णय दिला की समान हेतू दिसत नसेल तर सदस्याच्या मजकुराबद्दल ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. हा निर्णय गटांपर्यंत पोचलेला दिसत नाही, भीती पोचली. निजामाच्या कचेरीतला वाचक पगारी होता. हा बिनपगारी, शेजारी राहणारा, आणि आपल्याच गटातला.

आणि मग मस्साजोग. केज तालुक्यातल्या या गावचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण करून हत्या झाली. खटला न्यायालयात आहे, त्याविषयी इथे काही म्हणायचे नाही. म्हणायचे ते एवढेच की मार्च २०२५ च्या सुरुवातीला आरोपपत्रातली छायाचित्रे बाहेर आली आणि एका रात्रीत घराघरांतल्या फोनवर पोचली. ४ मार्चला मंत्री धनंजय मुंडे यांनी राजीनामा दिला. तीन महिने मोर्चे निघत होते, विधिमंडळात भाषणे होत होती, पण त्या छायाचित्रांनी जे केले ते शब्दांना जमले नव्हते. ज्या वाटेने अफवा फिरते त्याच वाटेने पुरावाही फिरला. ते पाहून ज्यांना सत्य कळले त्यांच्यात मीही एक. पण मारल्या गेलेल्या माणसाच्या लेकरांना आपल्या बापाची ती चित्रे परक्यांच्या फोनवर पाहावी लागली, हे मनातून जात नाही. त्या दिवशी जिल्ह्यात नेट बंद केले असते तर? हा प्रश्न मी स्वतःला विचारला. उत्तर 'बंद नको' असेच येते, पण ते सहज येत नाही.

राहता राहिला प्रश्न कागदपत्रांचा. गश्ती निशान ५३ विषयी आपण आज लिहू शकतो कारण तो कागद होता आणि त्याला क्रमांक होता. अनंत भालेरावांनी हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामाचा इतिहास लिहिला तेव्हा बंदी घातलेली आणि घालणारी, दोन्ही बाजूंची कागदपत्रे अस्तित्वात होती. डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या माहिती तंत्रज्ञानविषयक स्थायी समितीने नोंदवले की देशात किती वेळा इंटरनेट बंद केले गेले याची नोंद ना दूरसंचार विभाग ठेवतो, ना गृह मंत्रालय. बीड, अंबाजोगाई, माजलगाव येथील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना एक काम करता येण्यासारखे आहे. २०२३ आणि २०२४ मधल्या बंदीचे आदेश माहितीच्या अधिकारात मागवावेत, कोणत्या दिवशी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत बंद होते ते तालुकावार लिहून ठेवावे, आणि त्या दिवसांत रेशन दुकानदार, रोजगार सेवक, बँक मित्र आणि मुकादम यांचे काय अडले ते त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावे. एका सत्राचे काम आहे. माणसे अजून विसरलेली नाहीत.