सातपुडा (खानदेश)
तापी व नर्मदा यांच्या खोऱ्यांमधील डोंगररांग. भिल्ल, पावरा व तडवींना तिच्या वाटा पिढ्यानपिढ्या ठाऊक होत्या. ‘शोध’ लागला तो बाहेरच्यांना. ब्रिटिश लष्करी अधिकारी जेम्स औट्रमने 1825 मध्ये धरणगावला भिल्ल पलटण उभारली, ती डोंगर ताब्यात आणण्यासाठी. 1880 च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने येथून रानपिंगळ्याचे नमुने मिळवले. पुढे शतकभर हा पक्षी कोणा अभ्यासकाला दिसला नाही. नामशेषच मानला गेला. नोव्हेंबर 1997 मध्ये पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन व सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ (तेव्हा धुळे जिल्हा) भरदिवसा दिसला. इथल्या जंगलाचे संरक्षण मात्र आधीच सुरू झाले होते: जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्य 1969 चे, धुळ्यातील अनेर धरण अभयारण्य 1986 चे.