एक्क्याण्णव सेकंदांचे पैसे

घरबसल्या एक मुष्टियुद्ध बघायला अमेरिकेतला माणूस शंभर डॉलर मोजतो, असं सांगितलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘परवडतं कसं?’ मला दुसराच प्रश्न पडतो. तो विकत नेमकं काय घेतो?

हजर नसलेल्या माणसाला लढत विकायची, हा धंदा टेलिव्हिजनच्या कितीतरी आधीचा आहे. १७ मार्च १८९७ रोजी नेवाडातल्या कार्सन सिटीत जिम कॉर्बेट आणि बॉब फिट्झसिमन्स लढले. चौदाव्या फेरीत फिट्झसिमन्सचा ठोसा पोटाच्या वरच्या अंगाला बसला आणि कॉर्बेट खाली आला. एनॉक रेक्टरनं या लढतीचा तासाभराहून मोठा चित्रपट केला. चित्रफिती मिनिटभराच्या असायच्या, त्या काळातली ही गोष्ट. निकाल वर्तमानपत्रांतून छापून आलेला होता, तरी लोक तिकीट काढून आले.

पुढे १९२१ मध्ये जॅक डेम्प्सी आणि जॉर्ज कार्पेंतिए यांची लढत रेडिओवरून ऐकवली गेली, तीही फुकट. रेडिओवरून बोलताना एवढं अभिमानानं सांगायला हरकत नसावी! टेलिव्हिजनही सुरुवातीला फुकटच होता, खर्च दाढीच्या पात्यांच्या जाहिराती उचलत. मात्र घरात फुकट दिसतं म्हटल्यावर गावोगावचे छोटे आखाडे ओस पडू लागले. मग आयोजकांनी मोठ्या लढती घरातल्या पडद्यावरून काढल्या आणि थेट प्रक्षेपण चित्रपटगृहांत, तिकीट लावून दाखवायला सुरुवात केली.

या पद्धतीचा कळस म्हणजे ८ मार्च १९७१. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मुहम्मद अली आणि जो फ्रेझर, दोघेही तोवर अजिंक्य. प्रत्येकाला २५ लाख डॉलर. पंधराव्या फेरीत फ्रेझरच्या डाव्या हातानं अलीला जमिनीवर पाडलं, आणि गुणांवर फ्रेझर जिंकला. त्या रात्री तिकीट काढलेल्यांचे पैसे वाया गेले, असं म्हणणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

मात्र १ ऑक्टोबर १९७५ ची मनिलाची लढत आठवली की हिशेब अवघड होतो. फिलिपिन्समध्ये ती सकाळी ठेवली होती, कारण अमेरिकेत तेव्हा रात्र होती आणि पैसे देणारा प्रेक्षक तिकडे होता. असह्य उकाड्यात चौदा फेऱ्या झाल्या. फ्रेझरला नीट दिसेनासं झालं, तेव्हा त्याचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्याला पंधराव्या फेरीसाठी उठूच दिलं नाही. एचबीओनं उपग्रहावरून दाखवलेल्या या लढतीनं अमेरिकेतल्या केबलचं नशीब पालटलं. नऊ वर्षांनी, १९८४ मध्ये, अलीच्या पार्किन्सन विकाराचं निदान झालं. ते ठोशांमुळेच, असं डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. पण या खेळाची खरी किंमत कोण भरतो, हा विचार काही मनातून जात नाही.

‘पे-पर-व्ह्यू’, म्हणजे घरातल्या टीव्हीवर एकेका लढतीचे वेगळे पैसे, हा प्रकार १९८१ च्या लेनर्ड-हर्न्स लढतीपासून अंग धरू लागला आणि १९९१ मध्ये होलीफील्ड-फोरमन लढत सुमारे १४ लाख घरांनी विकत घेतली. दरम्यान २७ जून १९८८ रोजी अटलांटिक सिटीत माइक टायसननं मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवलं होतं. चहाचा कप घेऊन येईपर्यंत खेळ खलास! तरी मी म्हणेन, पैसे वसूल. कुस्ती निकाली होती, आणि टायसन तेव्हा काय चीज होता हे त्या दीड मिनिटात दिसलं. १९९७ मध्ये याच टायसननं होलीफील्डच्या कानाचा लचका तोडला आणि तो बाद झाला. ती रात्र जवळजवळ २० लाख घरांनी विकत घेतली होती. त्यांच्या पदरात जे पडलं, त्याला लढत म्हणवत नाही.

उलट उदाहरण २ मे २०१५ चं. मेवेदर आणि पॅकियाव, लास व्हेगास. लोक या जोडीची पाच-सहा वर्षं वाट बघत होते. ४६ लाख घरांनी ती घेतली, स्पष्ट चित्रासाठी सुमारे शंभर डॉलर मोजून. ऐनवेळी मागणी इतकी झाली की केबल कंपन्यांच्या यंत्रणा अडखळल्या आणि लढत उशिरा सुरू करावी लागली. पूर्ण बारा फेऱ्या झाल्या, म्हणजे ३६ मिनिटं. मेवेदरनं अंतर राखून, सफाईनं गुण गोळा केले. जाणकारांना ते कौशल्य भावलं असेल, बाकीचे जांभया देत बसले. नंतर कळलं की पॅकियावचा खांदा आधीपासून दुखावलेला होता. प्रेक्षक कोर्टात गेले. २०१९ मध्ये अपील न्यायालयानं त्यांचे दावे फेटाळले. मतितार्थ असा, की तुम्ही लढत बघण्याचे पैसे दिलेत आणि लढत तुम्हाला दिसली. ती रंगेल, असा करार कुणी केला नव्हता.

कायद्यानं हे बरोबर असेल. पण सहा वर्षं उत्सुकता तापवून विकायची, आणि माल तोच असेल याची जबाबदारी मात्र घ्यायची नाही, हे मला पटत नाही. खांदा दुखतोय हे आधी कळलं असतं, तर कितीजणांनी शंभर डॉलर काढले असते?

आता ही दुकानं एकेक करून आवरली जात आहेत. एचबीओनं २०१८ मध्ये आणि शोटाइमनं २०२३ मध्ये मुष्टियुद्धाला रामराम ठोकला. १९९३ मध्ये डेन्व्हरला पे-पर-व्ह्यूच्या बळावरच जन्मलेल्या यूएफसीनंही २०२५ मध्ये पॅरामाउंटशी करार केला. २०२६ पासून अमेरिकेत तिच्या लढती एकेकट्या विकायच्या नाहीत, वर्गणीतच दाखवायच्या, असं त्यात ठरलं.

वर्गणीतला खेळ कसा असतो, याची चुणूक नोव्हेंबर २०२४ मध्येच मिळाली होती. नेटफ्लिक्सनं ५८ वर्षांचा टायसन आणि २७ वर्षांचा जेक पॉल यांची लढत वेगळे पैसे न घेता दाखवली. दोन-दोन मिनिटांच्या आठ फेऱ्या, दमलेला टायसन, आणि असंख्य घरांत मध्येच थिजलेलं चित्र. फ्लोरिडातल्या एका ग्राहकानं त्यावरही दावा ठोकलाच.