ब्रिटानियाचा बेरी पुलाव आणि बॅलार्ड इस्टेटची भूमी

१/ मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये स्प्रॉट रोडवर ‘ब्रिटानिया अँड कंपनी’ हे साधे उपाहारगृह १९२३ पासून आहे. नाव ब्रिटिश, संस्थापक इराणी झरथुष्ट्री, ख्याती बेरी पुलावाची. हा संगम समजून घेण्यासाठी आधी त्या रस्त्याखालची जमीन पाहावी लागते.

२/ ही जमीन म्हणजे एके काळचा समुद्र. वऱ्हाडातील, म्हणजे आजच्या वाशिम जिल्ह्यातील कारंजासारख्या बाजारपेठांतीलही, कापूस मुंबई बंदरातून परदेशी जात असे. वाढत्या व्यापारासाठी पोर्ट ट्रस्टने अलेक्झांड्रा गोदी (आजची इंदिरा गोदी) खोदली. त्या खोदकामातील मातीचा भराव घालून १९१४ ते १९१८ या काळात बॅलार्ड इस्टेट साकारली.

३/ पोर्ट ट्रस्टचे संस्थापक कर्नल बॅलार्ड यांचे नाव तिला मिळाले. आराखडा गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुकार जॉर्ज विटेट यांचा. एकसारख्या दगडी इमारतींत जहाज कंपन्यांच्या कचेऱ्या आल्या. ही वस्ती नव्हे, कामाची पेठ होती.

४/ याच पेठेत रशीद कोहिनूर यांनी उपाहारगृह थाटले. एकोणिसाव्या शतकापासून यझ्द व केरमान भागांतील अनेक झरथुष्ट्री दारिद्र्य आणि छळाला कंटाळून मुंबईत येत होते; इराणी हॉटेलांची परंपरा त्यांचीच. ब्रिटिश नाव ठेवल्यास परवाना सुलभ होईल, या विचाराने ‘ब्रिटानिया’ हे नाव निवडल्याची आठवण कुटुंबात सांगितली जाई.

५/ प्रारंभी येथे गोऱ्या साहेबांना रुचेल असे सौम्य युरोपीय जेवण मिळे. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने जागा ताब्यात घेतली. स्वातंत्र्याच्या सुमारास ती परत मिळाली. गिऱ्हाईक बदलले, तसे मसालेही बदलले.

६/ पुढे रशीद यांचे पुत्र बोमन यांच्या पत्नी बचन इराणमध्ये नोकरी करून परतल्या, त्या ‘झरेश्क पोलो’ची ओळख घेऊन. झरेश्क म्हणजे आंबट, लाल, वाळवलेली फळे. मूळच्या सौम्य इराणी भाताला त्यांनी मुंबईच्या जिभेला मानवेल असा मसाला दिला. तोच बेरी पुलाव.

७/ बोमन कोहिनूर २०१९ मध्ये निवर्तले. उपाहारगृहाने मात्र दुपारच्या जेवणाची जुनी रीत जपली. कचेऱ्यांच्या पेठेचे वेळापत्रक त्यात अजून दिसते. परिसराला बॅलार्ड यांचे नाव मिळाले. बचन यांचे नाव कोणत्याही नकाशावर नाही. त्यांच्यासारख्यांचा इतिहास शोधायचा, तर पदार्थांची यादीही दस्तऐवज मानून वाचावी लागते.