चुकीचे निदान, बरोबर औषध: मुंबईच्या बागा आणि मैदानांची आरोग्यकथा

ब्लड प्रेशर, डायबिटीस, गुडघेदुखी, झोप न लागणे, यांपैकी कोणतीही तक्रार घेऊन तुम्ही डॉक्टरांकडे गेलात, तर गोळ्यांबरोबर एक सल्ला हमखास मिळतो: "रोज किमान अर्धा तास चाला." हे औषध मेडिकलच्या दुकानात मिळत नाही. त्यासाठी घराजवळ एखादी बाग किंवा मैदान लागते. ते नसेल, तर गाड्या, खड्डे आणि धूर चुकवत रस्त्याच्या कडेने चालावे लागते. मग बहुतेक जण आठवडाभरात चालणे सोडून देतात.

शहरातल्या बागा आणि मैदाने शोभेसाठी असतात असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यांपैकी बऱ्याचशा जागा आजारपणाच्या भीतीतून राखल्या गेल्या. गंमत म्हणजे त्यामागचे वैद्यकीय कारण चुकीचे होते, तरी औषध मात्र लागू पडले. मुंबईच्या उदाहरणावरून हे समजून घेऊ या.

'शहराचे फुप्फुस' ही कल्पना आली कुठून?

एकोणिसाव्या शतकात बहुतेक डॉक्टरांची समजूत अशी होती की कुजणाऱ्या घाणीतून विषारी हवा निघते आणि तिच्यामुळे कॉलरा, ताप, साथी पसरतात. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ अर्थच 'वाईट हवा' असा आहे. जंतूंचा शोध अजून लागायचा होता. त्यामुळे दाट वस्तीत हवा खेळती ठेवणे हाच साथीवरचा उपाय वाटे. मोकळी जागा म्हणजे शहराचे फुप्फुस, ही कल्पना इंग्लंडमध्ये याच काळात रुजली. तिथल्या संसदेच्या एका समितीने १८३३ मध्ये कामगारवस्त्यांसाठी सार्वजनिक फिरण्याच्या जागा हव्यात असे सांगितले. पुढे पूर्व लंडनच्या गरीब वस्तीजवळ व्हिक्टोरिया पार्क तयार झाले आणि १८४५ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. मुंबईचा कारभार इंग्रजांच्या हाती असल्याने हाच विचार इथेही आला.

मुंबईतल्या पहिल्या मोकळ्या जागा

आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल ही आज वेगवेगळी दिसणारी मैदाने पूर्वी एकाच मोठ्या मोकळ्या पट्ट्याचा भाग होती. हा पट्टा आरोग्यासाठी राखलेला नव्हता. किल्ल्यावरच्या तोफांना समोर अडथळा नको, म्हणून तिथे बांधकामाला बंदी होती. १८६० च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली गेली आणि त्या पट्ट्याचा काही भाग मैदान म्हणून शिल्लक राहिला.

त्याच दशकात, १८६२ मध्ये, भायखळ्याला राणीची बाग सुरू झाली. बागेतच पुढे वस्तुसंग्रहालय उभे राहिले. त्यासाठी झटणाऱ्यांत नाना शंकरशेट यांच्याबरोबर ग्रँट मेडिकल कॉलेजमधून शिकलेले डॉ. भाऊ दाजी लाड होते. आज ते संग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. आसपास गिरण्या वाढल्या आणि चाळी उठल्या. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला मुलाबाळांसह झाडाखाली बसायला ही बाग हक्काची झाली.

पण मोकळी जागा असली म्हणजे ती सगळ्यांची असतेच असे नाही. १८८० च्या दशकात किल्ल्यासमोरच्या मैदानात हिंदी तरुण क्रिकेट खेळत आणि गोरे साहेब पोलो. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टी उखडली जाई. शेकडो खेळाडूंनी सह्या करून सरकारकडे दाद मागितली. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनी या भांडणाची हकीकत १८९७ मध्ये पुस्तकरूपाने छापली. मैदान कुणाचे, हा वाद असा निदान सव्वाशे वर्षे जुना आहे.

प्लेग आला आणि सगळे बदलले

सप्टेंबर १८९६ मध्ये गोव्याहून येऊन मुंबईत वैद्यकी करणारे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागातल्या रुग्णांत गाठीच्या प्लेगचे निदान केले. साथ झपाट्याने पसरली आणि लोक लाखोंच्या संख्येने शहर सोडून गेले. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे ८ लाख २२ हजार होती. १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजारांवर आली. एरवी सतत वाढणारे शहर दहा वर्षांत आकसले, यावरून त्या संकटाचा अंदाज येईल.

जानेवारी १८९७ मध्ये डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. दुसरीकडे, दोष दाट वस्तीतल्या कोंदट हवेचा आहे असे मानून सरकारने १८९८ मध्ये 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन केला. दाट वस्त्या पाडायच्या, समुद्राचा वारा आत येईल असे रुंद रस्ते काढायचे आणि शहराच्या उत्तरेला मोकळ्या, हवेशीर वसाहती वसवायच्या, असे त्याचे काम होते. प्रिन्सेस स्ट्रीट काढताना वाऱ्याचाच विचार केला होता.

निदान मात्र चुकले होते. प्लेग हवेतून नव्हे, तर उंदरांच्या अंगावरच्या पिसवांमार्फत माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवले. ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. तोपर्यंत नव्या वसाहतींचे आराखडे तयार झाले होते.

दादर, माटुंगा आणि शिवाजी पार्क

ट्रस्टच्या दादर-माटुंगा योजनेत इमारतींमध्ये अंतर, मजल्यांवर मर्यादा, रस्त्याकडेला झाडे आणि मध्ये बागा असा विचार होता. ट्रस्टमध्ये इंजिनिअर असलेल्या मंचेरजी जोशी यांनी आपल्या समाजासाठी इथे भूखंड मिळवले आणि दादरची पारशी कॉलनी उभी राहिली. तिथल्या 'फाइव्ह गार्डन्स'ला आज त्यांचे नाव आहे. हिंदू कॉलनी अगदी शेजारीच. सकाळी या भागातून फेरी मारली, तर शंभर वर्षांपूर्वीच्या त्या नियमांची सावली अजून डोक्यावर असते.

माहीमच्या बाजूला महापालिकेने १९२५ मध्ये एक मोठे मैदान लोकांसाठी खुले केले. नाव होते माहीम पार्क. दोन वर्षांनी, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहामुळे त्याचे नाव शिवाजी पार्क झाले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथे गाजल्या. रमाकांत आचरेकर सरांनी इथे पोरांना क्रिकेट शिकवले आणि त्यांत सचिन तेंडुलकरही होता. मल्लखांब, व्यायामशाळा, बालमोहनची मुले, कट्ट्यावरच्या गप्पा, संध्याकाळची फेरी, हे सगळे एकाच जागेभोवती जमले. आराखडा करणाऱ्यांना हवी होती फक्त खेळती हवा. लोकांनी तिथे आपले रोजचे जगणे आणून ठेवले.

औषध कुणाच्या वाट्याला आले?

या कथेची दुसरी बाजूही सांगायला हवी. ट्रस्टने ज्या वस्त्या पाडल्या, तिथे हमाल, गिरणीकामगार आणि मजूर राहत होते. नव्या वसाहतींत मोठ्या प्रमाणावर मध्यमवर्ग गेला. ज्यांची घरे पाडली, त्यांतले अनेक जण जवळच्याच दुसऱ्या चाळीत आणखी दाटीने राहू लागले, कारण कामापासून लांब जाणे त्यांना परवडणारे नव्हते. साथीचा सर्वांत मोठा फटका ज्यांना बसला, त्यांच्या वाट्याला मोकळी जागा सर्वांत कमी आली.

हा हिशेब अजून चुकता झालेला नाही. आज मुंबईत माणशी वापरता येण्याजोगी मोकळी जागा दीड चौरस मीटरही भरत नाही, म्हणजे एका सतरंजीएवढीसुद्धा नाही. त्यातही दादरला राहणाऱ्याची गोष्ट वेगळी आणि गोवंडीला राहणाऱ्याची वेगळी.

कारण चुकले, तरी औषध का लागू पडले?

बागेमुळे प्लेग थांबला नाही. पण बागेचे इतर फायदे आज अभ्यासांतून दिसू लागले आहेत.

*शरीर आणि मन.* रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांना खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. हा अभ्यास लहान होता, फक्त ४६ रुग्णांचा. पण पुढच्या संशोधनाला त्याने वाट करून दिली.

*गरीब-श्रीमंतांतली दरी.* इंग्लंडमधल्या सुमारे चार कोटी लोकांच्या नोंदींवरचा अभ्यास २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. गरिबांचा मृत्युदर श्रीमंतांपेक्षा सगळीकडेच जास्त होता, पण जिथे हिरवळ जास्त तिथे ही दरी कमी आढळली. अशा अभ्यासातून हिरवळ हेच कारण आहे असे सिद्ध होत नाही, तरी हा संबंध दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

*एक सरळ प्रयोग.* फिलाडेल्फिया शहरात ५४१ पडीक जागा निवडून चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. काही जागांवर कचरा काढून गवत आणि थोडी झाडे लावली, काहींवर फक्त कचरा काढला, काही तशाच ठेवल्या. ज्या जागा हिरव्या केल्या, तिथल्या शेजाऱ्यांत मन उदास वाटण्याचे प्रमाण सुमारे ४१ टक्क्यांनी कमी झाले. गरीब वस्तीत फरक आणखी मोठा होता. नुसता कचरा काढलेल्या ठिकाणी तसा ठोस फरक दिसला नाही.

*माणसांची सोबत.* १४८ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे नातेसंबंध घट्ट, त्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक होती. एकटेपणा हा फक्त मनाचा प्रश्न नाही, तो शरीरालाही भोवतो. मुंबईत १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी एका बागेत चार-पाच जणांना जमवून पहिला हास्यक्लब सुरू केला. आता जगभर असे क्लब आहेत. निवृत्त झालेल्या, जोडीदार गमावलेल्या माणसाला "काल का आला नाहीत?" असे विचारणारे कुणीतरी तिथे भेटते. त्या प्रश्नाची किंमत कोणत्याही गोळीइतकी आहे.

शिवाय झाडांची सावली आणि पानांतून होणारे बाष्पीभवन यांमुळे परिसर थंड राहतो. उन्हाळ्यात हृदयरोगी आणि वृद्धांसाठी हे महत्त्वाचे आहे. मात्र उघडी माती आरोग्यदायी नसते. शिवाजी पार्कच्या लाल मातीच्या धुळीबद्दल रहिवाशांनी तक्रारी केल्या आहेत. दम्याच्या रुग्णाला धूळ नक्कीच त्रास देते. म्हणून मोकळी जागा राखताना तिच्यावर झाडे, गवत आणि पाण्याची सोयही हवी.

तुम्ही काय करू शकता?

- आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचे चालणे मोठ्या माणसांसाठी पुरेसे धरले जाते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास.
- जमल्यास एकट्याने जाऊ नका. सोबत असेल तर सवय टिकते.
- छातीत दुखणे, धाप लागणे, चक्कर येणे असे होत असेल तर चालणे थांबवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. दम्याच्या रुग्णांनी धूळ आणि धूर जास्त असताना बाहेर व्यायाम टाळावा.
- घराजवळ बाग नसेल तर शाळेचे पटांगण, मंदिराचे आवार किंवा सोसायटीची मोकळी जागा सकाळ-संध्याकाळ वापरता येईल का, हे एकत्र येऊन विचारा.
- तुमच्या वॉर्डाच्या विकास आराखड्यात बाग किंवा मैदान म्हणून आरक्षित भूखंड कोणते आहेत आणि आज तिथे काय आहे, ते पाहा. बदलाबाबत हरकती-सूचना मागवल्या जातात, तेव्हा लेखी म्हणणे द्या.

प्लेगचा जंतू सापडला, पिसू सापडली, पुढे अँटिबायोटिक्स आली आणि त्या साथीची भीती गेली. आजचे आजार वेगळे आहेत: साखर, रक्तदाब, लठ्ठपणा, एकटेपणा. त्यांच्यावर लस नाही. त्या काळच्या डॉक्टरांनी चुकीच्या कारणासाठी का होईना, जागा राखायला लावल्या. आता आपल्याला बरोबर कारण माहीत आहे. उरलेल्या जागा आपण हातच्या घालवल्या, तर अज्ञान हे कारण सांगायची सोय आपल्याला नाही.