पिढ्यांमधील अंतर : किशोरवयीन मुले आणि पालक

एकाच घरात राहणारे आईवडील आणि त्यांची वयात येणारी मुले यांच्या सवयी, आवडीनिवडी, मूल्ये व जगाविषयीची समजूत यांत पडलेली तफावत. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरवय मानते. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात या वयाची सुमारे २५ कोटी मुले-मुली होती. ही तफावत वयामुळे पडते असा सर्वसाधारण समज आहे. वय हे निमित्त असते. दोन पिढ्यांच्या वाट्याला आलेले जग मधल्या काळात किती बदलले, यावर अंतर ठरते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ते बऱ्याच अंशी पालकांनीच, पोटाला चिमटा काढून, मुलांच्या भल्यासाठी निर्माण केले आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांच्या १९०४ मधील ग्रंथामुळे कुमारवय म्हणजे वादळ, ही कल्पना रूढ झाली. समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांनी १९२८ मध्ये वेगळा विचार मांडला : एकाच सुमारास जन्मल्याने पिढी होत नाही, ऐन उमेदीच्या वयात ज्या घडामोडी सोसल्या त्यांतून ती घडते. मार्गारेट मीड या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने १९७० मध्ये तीन प्रकारचे समाज सांगितले. पहिल्यात मुले वडीलधाऱ्यांकडून शिकतात, दुसऱ्यात बरोबरीच्यांकडून आणि तिसऱ्यात मोठ्यांवरच मुलांकडून शिकण्याची वेळ येते. पुढे मनोविकारतज्ज्ञ डॅनियल ऑफर यांच्या अभ्यासात मात्र बहुसंख्य मुलांचे आईवडिलांशी बरे चाललेले आढळले. धर्म, शिक्षण, पैसा यांबाबत मुले बहुधा घरचेच वळण घेतात.

भांडणे होतात ती लहान वाटणाऱ्या गोष्टींवरून. खोली आवरणे, केस, कपडे, मित्र, घरी यायची वेळ, मोबाइल. मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ स्मेटाना यांनी यामागचे कारण नेमके दाखवले आहे : आईला जी शिस्तीची बाब वाटते, ती मुलाला स्वतःची खासगी बाब वाटते. आई म्हणते, ‘‘दार लावून काय करतोस?’’ मुलाला प्रश्न चौकशीचा वाटतो, आईला काळजीचा. दोघेही आपल्या जागी खरे असतात. काही गोष्टींचे मूळ तर शरीरात आहे. या वयात झोप आणणारे मेलॅटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे लवकर झोप येत नाही आणि सकाळी डोळा उघडत नाही. सातच्या शाळेसाठी ओढून उठवलेल्या मुलाला आळशी ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

महाराष्ट्रात पूर्वी किशोरवय असे वेगळे फारसे नव्हतेच. मुलगी दहा-बारा वर्षांची होताच सासरी जाई, मुलगा बापाच्या हाताखाली शेतात किंवा धंद्यात उभा राही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींची शरीरसंबंधाची किमान वयोमर्यादा १० वरून १२ वर नेली, तेव्हा पुण्यात केवढा गदारोळ झाला! १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींचे लग्नाचे वय १४ ठरवले, १९७८ मध्ये ते १८ झाले. लग्न जसजसे लांबले आणि शाळा वाढली, तसा बालपण व संसार यांच्यामध्ये मोकळा काळ तयार झाला. अंतर पडायला जागा मिळाली ती इथे. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या गावातून पुण्याला शिकायला येतो, वडिलांच्या पैशावर राहतो आणि वडिलांपासूनच तुटत जातो. त्यानंतरच्या कितीतरी घरांची ही कथा आहे.

घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर वडील सही करतात, पण आतले शेरे त्यांना मुलानेच वाचून दाखवायचे असतात. पीकविम्याचा अर्ज, बँकेचा संदेश, दवाखान्याची चिठ्ठी, सगळे तोच वाचतो. घराचा कर्ता कोण, हा प्रश्न असा न बोलता उभा राहतो. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घातलेल्या मुलाचा गृहपाठ आईला घेता येत नाही. २०१६ नंतर मोबाइलचे इंटरनेट स्वस्त झाले आणि मार्च २०२० मध्ये शाळा बंद पडल्यावर घरातला एकुलता मोबाइल मुलांच्या हाती गेला. तो परत मागताना पालकांपाशी नियम नव्हते. त्यांच्या स्वतःच्या लहानपणी अशी वस्तूच नव्हती, मग दाखला कशाचा द्यायचा?

सर्वांत अवघड गाठ दहावी-बारावीला पडते. दहावीचे वर्ष आले की घरातला टीव्ही बंद, पाहुण्यांना मनाई, गावच्या लग्नाला मूल सोडून बाकी सगळे. पुढे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी लातूरसारख्या शहरात खोली किंवा वसतिगृह, खाणावळीचा डबा, पहाटेपासून क्लास. मराठवाड्यातले अनेक शेतकरी आईबाप त्यासाठी कर्ज काढतात, जमीन विकतात. इथे भांडण होत नाही, हेच चिंतेचे आहे. मला डॉक्टर व्हायचे नाही, हे सतरा वर्षांच्या मुलाने कोणत्या तोंडाने सांगावे? तो फोनवर ‘‘बरं चाललंय, जेवलो’’ एवढेच सांगतो. वडीलही ‘‘काही लागलं तर सांग’’ म्हणून थांबतात. उलट उत्तर देणाऱ्या मुलाचे पालक निदान त्याचे मन जाणतात. गप्प मुलाच्या घरी अंतर किती वाढले, ते कुणाला कळत नाही.

लग्न आणि जात यांच्याशी गाठ पडली की हेच अंतर जिवावर बेतते. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) हा आंतरजातीय प्रेमावरचा चित्रपट महाराष्ट्राने डोक्यावर घेतला तो त्यातली भीती ओळखीची होती म्हणूनही. मुलीचे कुणाशी बोलणे कळले की आधी तिचा मोबाइल जातो, मग कॉलेज, मग स्थळे पाहिली जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झाली होती. अशा मुलींना किशोरवयच मिळाले नाही. मुलगा आणि मुलगी यांना एकच नियम नसतो. पिढ्यांच्या अंतराची बरीच चर्चा मुलग्यांनाच समोर धरून होते, ही त्या चर्चेची मोठी उणीव आहे.

मराठी साहित्य, रंगभूमी व चित्रपट यांनी हा विषय वारंवार हाताळला. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) या नाटकात पडत्या वाड्यातली रंजू सिनेमाची स्वप्ने पाहते. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ या कादंबरीत आणीबाणीच्या काळातली नववीतली मुले आहेत. रवी जाधव यांचा ‘बालक-पालक’ (२०१३) लैंगिक कुतूहलावर घरात पसरलेल्या मौनाविषयी आहे. त्या मौनाची किंमत मुले मोजतात.

मदतीच्या सोयी अलीकडच्या आहेत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये मानसिक आरोग्यासाठी संस्था सुरू केली. तिचा ‘वेध’ हा उपक्रम विद्यार्थी व पालकांना एकत्र बसवतो. केंद्र सरकारचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ पासून चालू असून त्याखालील सल्लाकेंद्रे महाराष्ट्रात ‘मैत्री’ या नावाने चालतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मूल किंवा पालक कुणीही विनाशुल्क, मराठीतूनही, बोलू शकतात.